अपस्माराचे निदान बेंगळुरूत, पण दुसऱ्या महिन्याच्या गोळ्या कुठे?

बेंगळुरू : अपस्मारावरील उपचारांसाठी दक्षिण भारतातील रुग्ण ज्या मोजक्या शहरांकडे वळतात, त्यांत बेंगळुरूचे नाव अग्रभागी आहे. होसूर रस्त्यावरील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था, म्हणजेच सर्वपरिचित ‘निमहान्स’, १९७४ मध्ये जुने मनोरुग्णालय आणि अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या विलीनीकरणातून उभी राहिली. २०१२ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. मेंदूतील विद्युत्प्रवाहाचे चित्रफितीसह दीर्घकाळ निरीक्षण करण्यापासून अपस्माराच्या शस्त्रक्रियेपर्यंतच्या सर्व सोयी येथे एका आवारात आहेत. बेळगाव-निपाणीच्या सीमाभागातील मराठी कुटुंबांनाही ‘एकदा निमहान्सला दाखवून या’ हा सल्ला अपरिचित नाही.

मात्र या शहरातील तज्ज्ञांनीच केलेल्या अभ्यासांतून गेल्या तीन दशकांत एक विसंगती पुनःपुन्हा समोर आली आहे. अपस्माराच्या बहुसंख्य रुग्णांना या महागड्या सोयींची गरजच नसते. ज्याची गरज असते ते अतिशय साधे आहे. लक्षपूर्वक विचारलेले काही प्रश्न, एक-दोन स्वस्त औषधे आणि ती औषधे दर महिन्याला, वर्षानुवर्षे, घराजवळ मिळत राहण्याची खात्री. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी कर्नाटकाने बऱ्याच अंशी साधल्या आहेत. अडचण तिसऱ्या गोष्टीची आहे.

निमहान्सच्या संशोधकांनी १९९३ ते १९९५ या काळात बेंगळुरू शहर आणि भोवतालच्या ग्रामीण भागात घरोघरी जाऊन १ लाख २ हजार ५५७ जणांची पाहणी केली. डॉ. गौरी देवी, डॉ. गुरुराज, डॉ. सतीशचंद्र आणि सहकाऱ्यांच्या या पाहणीत दर हजारी ८.८ व्यक्तींना अपस्मार असल्याचे आढळले. या सरासरीपेक्षा तिच्या आतील फरक अधिक बोलका होता. शहरात हे प्रमाण हजारी ५.७ होते, तर गावांत ११.९, म्हणजे दुपटीहून जास्त. सर्व तज्ज्ञ शहरात आणि दुप्पट रुग्ण गावात, ही मांडणी तेव्हाच स्पष्ट झाली होती.

देशपातळीवर याच संस्थेतील अभ्यासकांनी २०१५ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार भारतातील अपस्मारग्रस्तांची संख्या १ कोटी २० लाखांहून अधिक आहे. जगातील रुग्णांपैकी सुमारे एक षष्ठांश रुग्ण एकट्या भारतात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा विकार आहे, त्यांतील जवळपास ८० टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात आणि योग्य निदान व उपचार मिळाल्यास ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. गरीब देशांतील चारपैकी तीन रुग्णांना मात्र आवश्यक उपचार मिळत नाहीत. वर्षभराच्या मूलभूत औषधाचा खर्च अवघ्या ५ डॉलरपर्यंत खाली आणता येतो, असे हीच संघटना सांगते. तेव्हा या दरीचे कारण औषधाच्या किमतीत शोधून चालणार नाही.

येळंदूरचा धडा

या संदर्भात दक्षिण कर्नाटकातील येळंदूर तालुक्याचा अनुभव आजही अभ्यासण्यासारखा आहे. बेंगळुरूतील मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. के. एस. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील गावांत घरोघरी रुग्ण शोधले आणि त्यांना फिनोबार्बिटोन किंवा फेनिटोइन यांपैकी एक औषध सुरू केले. दोन्ही औषधे जुनी, दोन्ही स्वस्त. मोठ्या रुग्णालयाचा आधार न घेता, तालुक्याच्या पातळीवर, पाच वर्षे पाठपुरावा करण्यात आला. २००१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार यांतील निम्म्याहून अधिक रुग्णांचे झटके दीर्घकाळ थांबले. दोन औषधांच्या परिणामकारकतेत लक्षणीय अंतर नव्हते. उपचार सुरू होण्यापूर्वीच ज्यांना फार मोठ्या संख्येने झटके येऊन गेले होते, त्यांची प्रगती तुलनेने कमी होती. उशिराची किंमत रुग्णालाच मोजावी लागते, हे त्यातून आकड्यांनी सिद्ध झाले.

पुढे २००३ मध्ये डॉ. गौरी देवी, डॉ. सतीशचंद्र आणि डॉ. गुरुराज यांनी जिल्हा हे एकक धरून अपस्मार नियंत्रणाचा आराखडा मांडला. म्हणजे गेली वीस-बावीस वर्षे आराखडाही उपलब्ध आहे. तो कागदावरून दवाखान्यात उतरण्यास इतका काळ का लागावा, हा प्रश्न केवळ कर्नाटकाला विचारून भागणार नाही. अपस्मार हा ना संसर्गजन्य आजारांच्या मोहिमांत बसतो, ना मधुमेह-रक्तदाबाच्या. मानसिक आरोग्याच्या कार्यक्रमात त्याला जागा मिळते, पण ती पाहुण्यासारखी.

प्रश्नांतून होणारे निदान

अपस्माराचे निदान यंत्र करते, हा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. प्रत्यक्षात मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, निर्दोष आला म्हणून अपस्मार नाही असे म्हणता येत नाही. पहिल्याच आलेखात दोष दिसण्याचे प्रमाण साधारण निम्मे असते. उलट आलेखात किरकोळ वैगुण्य दिसले म्हणून ज्याला कधी झटकाच आला नाही अशा व्यक्तीला वर्षानुवर्षे गोळ्या चालू राहिल्याची उदाहरणेही वैद्यकीय क्षेत्राला ठाऊक आहेत. झटका डॉक्टरांसमोर सहसा येत नाही. तो ज्याने पाहिला, त्याची साक्ष हाच निदानाचा मुख्य आधार ठरतो.

ही साक्ष भाषेतून येते आणि भाषेत घोटाळे असतात. मराठीत ‘फिट’, ‘आकडी’, ‘फेफरे’, ‘मिरगी’ हे शब्द सरमिसळ वापरले जातात. कन्नडमध्ये अपस्माराला ‘मूर्छे रोग’ असा शब्द रुळला आहे, तर मराठी माणसाच्या लेखी मूर्च्छा म्हणजे साधी भोवळ. बेंगळुरूच्या बाह्यरुग्ण विभागात सीमाभागातील रुग्णाचा नातेवाईक काय सांगतो आणि डॉक्टर काय समजतात, यात एवढ्यानेही फरक पडू शकतो. हा भेद केवळ शब्दांचा नाही. उन्हात उभे राहून किंवा रक्त पाहून आलेली भोवळ, हृदयाच्या ठोक्यातील अनियमिततेमुळे गेलेली शुद्ध, मानसिक ताणातून येणारे झटक्यासारखे प्रसंग आणि खरा अपस्मार यांचे उपचार पूर्णतः वेगळे आहेत. हृदयाच्या विकाराला अपस्मार समजून गोळ्या देत राहिल्यास रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

म्हणून अनुभवी डॉक्टर विचारतात की पडण्यापूर्वी काय झाले, चेहरा पांढरा पडला की निळसर, डोळे उघडे होते की मिटलेले, हातपाय एकाच बाजूचे हलले की दोन्ही, जीभ चावली गेली का, भानावर यायला किती वेळ लागला. अलीकडे या प्रश्नावलीला मोबाइलची जोड मिळाली आहे. घरातील कोणी झटक्याची चित्रफीत घेतली असेल तर तज्ज्ञाला ती पाहून बऱ्याच खात्रीने मत देता येते, असे २०२० मध्ये ‘जामा न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात दिसले. रुग्णाला कुशीवर वळवणारा एक आणि चित्रण करणारा दुसरा, असे दोघे असतील तर हे सहज जमते. मात्र चित्रणापायी मदतच राहून गेली, असे होता कामा नये.

एकदा झटका आला म्हणजे अपस्मार झाला, असेही नाही. आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाच्या २०१४ च्या व्याख्येनुसार तात्कालिक कारण नसताना चोवीस तासांहून अधिक अंतराने दोन झटके आले, किंवा एकाच झटक्यानंतर पुढील दहा वर्षांत पुन्हा झटका येण्याची शक्यता ६० टक्के वा अधिक असेल, तर अपस्मार मानला जातो. अपस्माराचे एखादे विशिष्ट लक्षणसमूह ओळखता आले तरीही निदान पक्के होते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना तापात येणारी आकडी या व्याख्येत बसत नाही. रक्तातील साखर किंवा सोडियम घसरल्याने, अथवा दारू अचानक बंद केल्याने आलेला झटकाही बसत नाही. त्या वेळी मूळ कारणावर उपचार करावे लागतात.

मेंदूच्या चित्रणाची, म्हणजे सीटी स्कॅन वा एमआरआयची, भारतात एका कारणाने विशेष गरज पडते. फीतकृमीची अंडी पोटात गेल्यावर त्यांच्या अळ्या मेंदूत जाऊन बसतात आणि झटके सुरू होतात. हा आजार मांसाहाराशी, त्यातही डुकराच्या मांसाशी जोडला जातो आणि शाकाहारी कुटुंबे ‘आमच्याकडे तो होणारच नाही’ म्हणून निश्चिंत राहतात. वस्तुस्थिती अशी, की मेंदूतील हा संसर्ग अंड्यांमुळे होतो आणि अंडी माणसाच्या विष्ठेतून दूषित झालेले पाणी, कच्ची भाजी वा न धुतलेले हात यांमार्गे कोणाच्याही ताटात येतात. शौचालय आणि स्वच्छ पाणी ही अपस्माराची प्रतिबंधक साधने आहेत, असे म्हणणे मुळीच अतिशयोक्तीचे नाही.

कढत पाण्याचे कोडे

बेंगळुरू आणि म्हैसूरच्या परिसराने अपस्मारशास्त्राला दिलेला एक अध्याय येथे सांगायलाच हवा. दक्षिण कर्नाटकात डोक्यावरून कढत पाण्याने स्नान करताना झटके येणारे रुग्ण डॉक्टरांना वारंवार भेटू लागले. डॉ. मणी यांनी १९६० च्या दशकात त्यांची नोंद केली, तर डॉ. सतीशचंद्र आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अशा २७९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या विकाराला ‘हॉट वॉटर एपिलेप्सी’ हेच नाव पडले. तुर्कस्तान आणि जपानमध्येही असे रुग्ण आढळतात, पण दक्षिण कर्नाटकाइतके क्वचितच. बेंगळुरूच्या पाहणीत हे प्रमाण लाखात ६०, तर येळंदूरमध्ये लाखात २५५ निघाले.

आठवड्यातून एकदा तेल माखून, हंड्यातील चाळीस ते पन्नास अंश सेल्सिअसचे पाणी तांब्याने भराभर डोक्यावर ओतून न्हाण्याची तेथील पद्धत आहे. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाची सवय असलेल्या मराठी वाचकाला हे चित्र डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडू नयेत. तसे तर घरोघरी सारेच असे न्हातात, झटका मात्र मोजक्यांनाच येतो. काही कुटुंबांत तो एकाहून अधिक व्यक्तींना येत असल्याने आनुवंशिक दुव्यांचा शोध बेंगळुरूतील प्रयोगशाळांत घेतला गेला आहे. काही रुग्णांना तर पाणी ओतत राहण्याची अनावर ओढ वाटते आणि ते थांबतच नाहीत, हे या विकाराचे चमत्कारिक अंग.

उपचार मात्र अगदी घरगुती वाटावेत असे आहेत. पाणी कोमट घ्यावे, डोक्यावर एकदम ओतू नये. एवढ्याने न भागल्यास स्नानाच्या दीड-दोन तास आधी क्लोबाझमची एक मात्रा पुरते. स्नानाखेरीज इतर वेळीही झटके येणाऱ्यांना नियमित औषध लागते. हे निदान कोणत्याही यंत्राने होत नाही. न्हाणीघरात काय घडले, हे कोणीतरी विचारावे लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरला हा प्रश्न सुचला, तर एका कुटुंबाची बेंगळुरूची खेप आणि आयुष्यभराच्या गोळ्या दोन्ही वाचू शकतात.

औषध सुरू होते, मग सुटते

निदान झाल्यानंतरचे चित्र एरवी आश्वासक आहे. ग्लासगो येथील डॉ. क्वान आणि डॉ. ब्रॉडी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या बहुचर्चित अभ्यासात पूर्वी उपचार न घेतलेल्या रुग्णांपैकी ४७ टक्के पहिल्याच औषधाने आणि आणखी १३ टक्के दुसऱ्या औषधाने झटकेमुक्त झाले. त्यापुढे औषधे बदलून मिळणारा लाभ झपाट्याने घटला. योग्य अशी दोन औषधे योग्य मात्रेत देऊनही झटके थांबत नसतील, तर रुग्णाला मोठ्या केंद्रात पाठवावे, हा नियम यातूनच आला. नेमक्या याच रुग्णांसाठी निमहान्ससारख्या संस्थांच्या शस्त्रक्रियागृहांची गरज आहे. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या १८ वर्षांखालील ११६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के, तर केवळ औषधांवर असलेल्यांपैकी ७ टक्के झटकेमुक्त होते. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र मोठ्या केंद्राचा बाह्यरुग्ण विभाग जर पहिल्याच औषधाने बऱ्या होणाऱ्या आणि केवळ गोळ्या संपल्या म्हणून आलेल्या रुग्णांनी भरलेला असेल, तर शस्त्रक्रियेची खरी गरज असलेले मूल रांगेत मागे राहते.

गोळ्या संपणे ही क्षुल्लक बाब नाही. औषध एकाएकी थांबले की झटके परततात आणि कधी कधी एकामागून एक येत राहून रुग्ण दगावण्याचा धोका निर्माण होतो. किमान दोन वर्षे एकही झटका आला नाही, तरच डॉक्टर औषध हळूहळू कमी करण्याचा विचार करतात. म्हणजे साध्यातल्या साध्या रुग्णालाही सुमारे तीस महिने सलग पुरवठा लागतो. पहिल्या महिन्याच्या गोळ्या शिबिरात मिळतात. दुसऱ्या महिन्याच्या गोळ्यांसाठी मजुरी बुडवून, गाडीभाडे खर्चून तालुक्याला किंवा थेट बेंगळुरूला जावे लागते. झटका आलेला नसतो, रुग्ण बरा दिसतो, आणि खेप टळते.

थोडा हिशेब मांडला तर प्रश्नाचे आकारमान कळते. बेंगळुरूच्या पाहणीतील ८.८ हे प्रमाण धरल्यास तीन लाख वस्तीच्या तालुक्यात सुमारे २ हजार ६४० रुग्ण असतील. प्रत्येकाला तीन महिन्यांतून एकदाच तपासायचे ठरवले तरी वर्षाला साडेदहा हजार भेटी होतात. महिन्यातून एक दिवस येणाऱ्या तज्ज्ञाच्या शिबिरात त्यामुळे प्रत्येक खेपेला ८८० रुग्ण तपासावे लागतील. हे कोणत्याही तज्ज्ञाला शक्य नाही. तीच संख्या तालुक्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत विभागली, तर प्रत्येक केंद्रावर कामाच्या दिवशी तीन-चार रुग्ण येतील. शिबिरे रुग्ण शोधण्यास उपयोगी आहेत, उपचार टिकवण्यास अपुरी आहेत, ही या आकडेमोडीतील अपरिहार्य निष्पत्ती.

औषधांच्या निवडीचाही गुंता आहे. फिनोबार्बिटोन सर्वांत स्वस्त, पण ते मनोप्रभावी द्रव्यांच्या कायदेशीर नियंत्रणाखाली येत असल्याने साठा आणि नोंदवहीची कटकट औषधविक्रेत्यांना नकोशी वाटते. व्हाल्प्रोएट अनेक प्रकारच्या झटक्यांवर गुणकारी, पण गर्भावस्थेत घेतल्यास सुमारे दहापैकी एका बाळात जन्मजात व्यंग आढळते आणि बौद्धिक विकासावरही परिणाम होतो. प्रजननक्षम वयातील मुली व स्त्रियांना ते देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टपणे बजावले. सरकारी केंद्राच्या कपाटात मात्र अनेकदा एक किंवा दोनच औषधे असतात आणि जे आहे ते दिले जाते. पंधरा वर्षांच्या मुलीला सुरू केलेली गोळी तिच्या लग्नानंतरही तशीच चालू राहिली, तर चूक कोणाची, हे नंतर ठरवून उपयोग नसतो.

लपवलेला आजार

औषध सुटण्यामागे भाड्याच्या पैशांइतकीच लपवाछपवी कारणीभूत आहे आणि ती लग्नाच्या वयात शिगेला पोहोचते. हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये वारंवार येणारे अपस्माराचे झटके ही विवाहाची अपात्रता मानली गेली होती. १९९९ च्या दुरुस्तीने ‘अपस्मार’ हा शब्द काढून टाकण्यात आला. तरीही २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला, अपस्मार हा असाध्य रोग नाही आणि मानसिक विकारही नाही, त्यामुळे तो घटस्फोटाचे कारण ठरू शकत नाही, असे एका पतीच्या याचिकेवर सांगावे लागले. कायदा बदलून चोवीस वर्षे झाली होती. सासरी कळू नये म्हणून गोळ्यांची पाकिटे माहेरी ठेवून जाणारी नवविवाहिता ही डॉक्टरांना नवी नाही. लग्नातील जागरण आणि सुटलेली मात्रा हे दोन्ही झटक्याला आमंत्रण देणारे असल्याने जे लपवायचे तेच नेमके चारचौघांत उघड होते.

बेंगळुरूत या लपवाछपवीला शहरी पदर आहे. येथे हजारो तरुण दुचाकीवरून घरपोच वस्तू पोहोचवून किंवा टॅक्सी चालवून पोट भरतात. वाहन परवान्याच्या अर्जासोबतच्या स्वयंघोषणेत अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे काय, असा थेट प्रश्न असतो. ‘होय’ लिहिले की परवाना दुरावतो. ब्रिटनमध्ये वर्षभर झटका न आलेल्या व्यक्तीला मोटार चालवण्याची मुभा पुन्हा मिळू शकते. भारतात अशी झटकेमुक्त काळाची स्पष्ट तरतूद नसल्याने औषध नियमित घेणारा आणि अजिबात न घेणारा, दोघेही एकाच खान्यात पडतात. परिणामी रुग्ण अर्जात खोटे लिहितो आणि पुढे डॉक्टरपासूनही व्यवसाय लपवतो. रस्त्यावरील सुरक्षिततेसाठी केलेला नियम असुरक्षितता वाढवत असेल, तर त्याचा फेरविचार वाहतूक आणि आरोग्य या दोन्ही खात्यांनी एकत्र बसून करणे इष्ट ठरेल.

घरी, रस्त्यावर वा बसमध्ये झटका आल्यास काय करावे, याबाबतचे अज्ञानही कायम आहे. कांदा किंवा चप्पल हुंगवणे, मुठीत लोखंडी किल्ली देणे, दातांमध्ये चमचा घालणे यांपैकी कशाचाही उपयोग नाही. चमच्याने दात तुटतात आणि तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, आसपासच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, हातपाय दाबून धरू नयेत, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीही पाजू नये. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांनंतरही झटका चालू असेल, किंवा शुद्ध न येता दुसरा सुरू झाला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. नाकात फवारण्याचे मिडाझोलम भारतात उपलब्ध आहे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ते घरी ठेवता येते.

नव्या उपक्रमाची कसोटी

या पार्श्वभूमीवर कर्नाटक मेंदू आरोग्य उपक्रमाकडे पाहावे लागते. राज्य सरकार, निमहान्स आणि नीती आयोग यांच्या सहकार्याने जानेवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात डोकेदुखी, अपस्मार, पक्षाघात आणि स्मृतिभ्रंश हे विकार प्राधान्याने घेतले गेले. आरंभी बेंगळुरूचा काही भाग, कोलार आणि चिक्कबळ्ळापूर येथे, आणि नंतर राज्यातील अन्य जिल्ह्यांत त्याचा विस्तार झाला. प्राथमिक केंद्रातील डॉक्टरांना प्रशिक्षण, जिल्हा रुग्णालयात मेंदू आरोग्य चिकित्सालय आणि अवघड रुग्णासाठी निमहान्सच्या तज्ज्ञांचा दूरस्थ सल्ला, अशी त्याची रचना आहे. दोन दशकांपूर्वीच्या जिल्हा आराखड्याला मिळालेले हे सरकारी रूप म्हणता येईल. केंद्राच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या विस्तारित सेवांतही मानसिक व मज्जासंस्थेच्या विकारांचा समावेश आहे, त्यामुळे धोरणाचा आधार देशभर उपलब्ध आहे. महाराष्ट्रात मुंबईच्या एपिलेप्सी फाउंडेशनने राष्ट्रीय आरोग्य अभियानासोबत ग्रामीण भागात मोफत शिबिरे घेतली, तर पुण्यातील ‘संवेदना’ हा गट रुग्ण आणि कुटुंबीयांना एकत्र आणतो. हे काम मोलाचे आहे, पण स्वयंसेवी संस्थेच्या शिबिरानंतर उरलेल्या तीनशेचौसष्ट दिवसांची जबाबदारी सरकारी औषधभांडारावरच येते.

अशा उपक्रमांचे यश सरकारी अहवालांत सहसा ‘इतक्यांची तपासणी’ आणि ‘इतक्यांना प्रशिक्षण’ या आकड्यांनी मोजले जाते. अपस्मारात हे आकडे दिशाभूल करू शकतात. उपचार सुरू केलेल्या शंभर रुग्णांपैकी बारा महिन्यांनी किती जण औषध घेत आहेत, त्यांतील किती जणांना गेल्या सहा महिन्यांत एकही झटका आला नाही आणि केंद्रावर वर्षातील किती दिवस औषधाचा साठा शून्य होता, हे तीन आकडे प्रत्येक तालुक्याने प्रसिद्ध केले तर चित्र स्पष्ट होईल. क्षयरोगाच्या कार्यक्रमात रुग्णागणिक पाठपुरावा होतो. आशा कार्यकर्तीला त्यासाठीची नोंदवही आणि पद्धत ठाऊक आहे. तीच पद्धत अपस्माराला लावण्यात तांत्रिक अडचण फारशी नाही. प्रश्न तिच्या आधीच ओसंडून वाहणाऱ्या कामात आणखी एक रकाना वाढवताना मानधन वाढवायचे की नाही, हा आहे, आणि त्यावर कोणतेच राज्य मोकळेपणाने बोलत नाही.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य सभेने अपस्मार व अन्य मज्जाविकारांसाठी २०३१ पर्यंतचा कृती आराखडा संमत केला. अपस्माराच्या सेवांची व्याप्ती २०२१ च्या तुलनेत ५० टक्क्यांनी वाढवणे, हे त्यातील एक उद्दिष्ट. भारताने ते साधले की नाही हे सांगण्यासाठी आरंभीचा आकडा हाताशी हवा. बेंगळुरूच्या बाबतीत आजही ज्या आकड्यांचा आधार घेतला जातो, ते १९९३ ते १९९५ दरम्यान गोळा केलेले आहेत. त्या वेळी गावे असलेली अनेक ठिकाणे आता महानगराच्या हद्दीत आली आहेत आणि त्या पाहणीत पाच वर्षांचे असलेले मूल आज पस्तिशीच्या आसपास आहे. नवी घरोघर पाहणी, आणि तिच्यात औषध कोण घेतो, कुठून घेतो, किती खंड पडतो या प्रश्नांचा समावेश, हे काम निमहान्स आणि राज्याचे आरोग्य खाते यांना हाती घ्यावे लागेल.